चार बोटं खाली समुद्र

प्रेम कुठे उगवेल याचा नेम नाही. मी तर ते तक्रारीच्या फाइलमध्ये उगवलेलं पाहिलंय. खोटं वाटलं तर सोडून द्या, पण आधी ऐका.

सुट्टीपुरती घरं भाड्याने लावून देणाऱ्या एका कंपनीत ती होती. पाहुण्याने ऐनवेळी बुकिंग रद्द केलं, घरमालक चिडला, की चूक कोणाची ते ठरवायचं तिने. आवाज असा, की भांडायला फोन केलेला माणूस शेवटी "जेवलात का?" विचारून फोन ठेवायचा.

त्या दुपारी एक घरमालक तणतणत होता.

"मॅडम, पाहुण्या बाई दारातूनच परत गेल्या! म्हणे, खिडकीतून समुद्र दिसत नाही. अहो, मी आत्ता बघतोय!"

"तुमची उंची किती?"

"सहा फूट तीन... त्याचा समुद्राशी काय संबंध?"

"त्या बाई चार फूट अकरा आहेत. माझ्याहून इंचभर कमी." ती हसू दाबत म्हणाली, "पाच फुटांवरून फोटो काढून पाठवा."

फोटो आला. नुसतं आभाळ. खाली ओळ — 'समुद्र चार बोटं खाली आहे. शपथ.'

नियमाने फाइल एकवीस दिवस उघडी ठेवता यायची. त्याने रोज पुरावा पाठवला. एकदा होडी. एकदा नुसतं धुकं — 'आज मलाही दिसत नाही. बाईंचं अर्धं म्हणणं मान्य.'

"उद्या सकाळचा पाठवा," ती म्हणायची.

"पुरावा म्हणून?"

"...पुरावा म्हणूनच."

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढ्यात तर घटस्फोट होतात!"

एकविसाव्या दिवशी तिने मन घट्ट केलं.

"निकाल बाईंच्या बाजूने दिलाय. तुम्ही वर दाद मागू शकता."

"मग फाइल तुमच्याकडेच राहील?"

"नाही... दुसऱ्याकडे जाईल."

"मग नको." मागे लाटा वाजत होत्या. "उद्यापासून फोटो कोणाला पाठवू?"

उत्तर ओठांवर होतं. पण कंपनी प्रत्येक फोन रेकॉर्ड करते... "तुमचा दिवस चांगला जावो," ती म्हणाली, आणि तिचे स्वतःचे तीस दिवस वाईट गेले. ज्या घराचा निकाल दिला तिथे महिनाभर राहायची तिला कंपनीची बंदी. रोज दुपारी ती ऑफिसच्या खिडकीशी टाचा उंचावून उभी राहायची. दिसायच्या फक्त पाण्याच्या टाक्या.

एकतिसाव्या दिवशी त्याच्याकडे बुकिंग आलं. 'पाहुणे — एक. उंची — पाच फूट.'

तो दाराच्या चौकटीतून मान वाकवून बाहेर आला, तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदाच हरवला. खिडकीखाली नवं कोरं स्टूल होतं. त्याचा खांदा धरून ती चढली...

"दिसला?"

"हं." स्टूल भक्कम होतं, तरी खांद्यावरचा हात तिथेच.

"परवा सकाळी तुमचं परत जाणं आहे," तो चाचरला. "ते... रद्द होईल?"

"ऐनवेळी? मग चूक कोणाची धरायची?"

"माझी," तो म्हणाला. "या वेळी माझी काही तक्रार नाही."