साडेचौदा तासांचा सराव

"प्रवास किती तासांचा?" बोक्याच्या छातीवरचा स्टेथोस्कोप न काढताच तिने विचारलं.

"बारा हजार किलोमीटर... म्हणजे विमानात साडेचौदा तास," समोरचा तरुण चोरासारखा म्हणाला. "आई बहिणीकडे राहायला गेलीय. फोनवर आधी ह्याची चौकशी करते, मग माझी. म्हटलं, पोहोचवून येतो."

बोका तेरा वर्षांचा, नाव सरदार. ती प्राण्यांची डॉक्टर. तिने मान हलवली. "हा प्रवासाच्या पेटीत दहा मिनिटं टिकणार नाही. झोपेचं औषध मी देणार नाही. सवय करा, दर शनिवारी आणून दाखवा."

तो पुस्तकबांधणी करायचा. बोटांवर सुकलेली खळ, बोलणं जपून. पहिल्या शनिवारी सरदार अर्धा तास पेटीत बसला, त्यातली पंचवीस मिनिटं घसा फाडून ओरडला. तिसऱ्या शनिवारपर्यंत मजल दोन तासांवर गेली.

"दोन तास शांत? काय केलंत?"

"बोलत बसलो त्याच्याशी."

"कशाबद्दल?"

"तुमच्या..." तो गडबडला. "म्हणजे — डॉक्टरांचं ऐकावं, असं."

हसू लपवायला तिने कागदात डोकं खुपसलं आणि 'बोका'च्या जागी चक्क 'बोलका' लिहून ठेवलं.

आठव्या शनिवारी सरदार आपणहून पेटीत शिरला आणि गाढ झोपला. 'अजून महिनाभर सराव करा' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. पण तिकडे त्याची म्हातारी आई सरदारची वाट बघत होती. तिने प्रवासासाठी लागणाऱ्या आरोग्य दाखल्यावर शिक्का मारला.

"दहा दिवस चालतो हा."

"म्हणजे निघायला हवं." तो पेटीचा पट्टा उगाच घट्ट करत राहिला. "बहीण म्हणते, आलास की इथेच राहा. कामही बघून ठेवलंय तिने."

"मग... राहणार?"

"इथे थांब म्हणणारं कोणी नाही ना."

तिने दाखल्याची घडी घालून त्याच्या हातात दिली. तो गेल्यावर मात्र तिला स्वतःचाच राग आला. आठ शनिवार बोक्याची नाडी बघितली, आणि समोरच्या माणसाला एक शब्द बोलता येऊ नये!

विमान सुटलं त्या दिवशी तिचं कामात लक्षच लागेना. दर तासाला नजर घड्याळाकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"पोहोचलो. सरदार झोपून आला, आता आईच्या मांडीवर आहे. मला मात्र डोळ्याला डोळा लागला नाही."

मागून वयस्कर बाईमाणसाचा आवाज आला, "विचारलंस का रे तिला?"

"काय विचारायचंय?" तिने श्वास रोखला.

"परतीचं तिकीट काढलंय, तीन आठवड्यांनंतरचं. येताना वारा उलटा, सोळा तास लागतात. एवढा वेळ बसायचं तर... कुणाकडे चाललोय ते कळलेलं बरं."

"माझ्याकडे," ती म्हणाली. "आणि तीन आठवडे कशाला? लवकर ये ना."

'या' म्हणायचं राहूनच गेलं होतं. तिने जीभ चावली. पलीकडून त्याच्या आईचं मनमोकळं हसू ऐकू आलं.

"येतो गं," तो म्हणाला.