एकेचाळीस नावांचा कॅटलॉग

शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात मायाबाई बनसोडे सांगलीला हंबीररावांच्या दारात आल्या, तेव्हा त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"काका, शाळेचा हजेरीचा कॅटलॉग चोरीला गेलाय. शुक्रवारी साहेब पट तपासायला येणार. तो नसला तर माझी जागाच उडते."

हंबीरराव पूर्वी मिलिटरी पोलिसात होते, आता खाजगी तपास करत. पलटणीतला सोबती गुंडा मदतीला असे. त्याच्या मदतीशिवायही तपास लागत, पण हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

जत तालुक्यातल्या वस्तीवरची ती दोन शिक्षकांची शाळा. तीस सप्टेंबरला पट चाळीसच्या वर असेल, तरच दुसरा शिक्षक. त्या दुसऱ्या जागेवर मायाबाई चार वर्षं दर जूनला निघणाऱ्या तात्पुरत्या ऑर्डरवर राबत होत्या. यंदा त्या तारखेला पट एकेचाळीस होता, पण पुरावा कॅटलॉगातच.

"सोमवारी सकाळी कपाट उघडं दिसलं," शाळेत पोचल्यावर मुख्याध्यापक बाळासो म्हणाले. "कॅटलॉग गेला, शाईचा पॅड गेला. शिक्का तेवढा राहिला."

"बाई गेल्या तर तुमचं काय?"

"चारी वर्ग माझ्या गळ्यात. तीस सप्टेंबरचा आकडा आम्ही दोघं रोज घोकतोय."

गुंडाचा संशय पुढारी आप्पासोंवर. त्यांची सून डी.एड. होऊन घरी बसलेली.

"आवं, जागाच उडाली तर सून बसंल कुटं?" आप्पासो हसले. "ती तारीख मलाबी ठावं हाय."

शाळेशेजारच्या खोपटाला कडी होती. हंबीररावांनी बोट दाखवलं.

"रंगुबाईचं घर," मायाबाई म्हणाल्या. "मेंढरं घेऊन सोमवारी पहाटे कुंडलकडं गेले सगळे. माझ्या वर्गातली सहा मुलं त्यांच्यातलीच. आदल्या दिवशी मला राहवलं नाही. म्हातारीपुढं रडले, म्हटलं, हजेरी कमी पडली तर माझी नोकरी जाणार."

हंबीररावांनी लगेच जीप काढायला सांगितली.

कुंडलच्या वाटेवर एका रिकाम्या रानात मेंढरं बसली होती. रंगुबाईनं स्वतःच घोंगड्याखालून कॅटलॉग काढला. सहा नावांपुढं सोमवारपासून रोजच्या चौकटीत इवले निळे अंगठे होते.

"एक दिस चुकीवला न्हाई, बाई."

"हिनं चोरलं हे कसं कळलं?" गुंडानं विचारलं.

"तारीख माहीत असलेल्यांना कॅटलॉग जाण्यात तोटाच होता," हंबीरराव म्हणाले. "म्हणजे नेणाऱ्याला वाटलं, रोजची हजेरी भरली की नोकरी वाचते. शिक्का ठेवून पॅड नेला, म्हणजे अंगठा उठवणारं माणूस. आणि त्याच पहाटे एकच घर हाललं. चोरी नव्हे रे, मदत होती ती."

म्हातारीचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच तुमच्या पोटावर पाय दिला?"

मायाबाईंनी तिला जवळ घेतलं. त्यांना रडू आवरेना. "नाही आजी. कॅटलॉग मिळाला, यंदाचं निभावलं."

"आन् फुडल्या साली?"

"ऑर्डर जूनला. निघाली तर."

रंगुबाईनं कोकरांत खेळणाऱ्या दोन पोरांकडं पाहिलं. "ही दोगं जूनला सहाची व्हत्यात. मिरगाआधी आमी माघारी येतो. तुमी कुटं जाऊ नगासा."

राहणं मायाबाईंच्या हातात नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, "राहते."