तांदळातले किडे आणि ठोंब्याची गोळी

“गोळी,” ठोंब्या म्हणाला.

शाल्मलीने कपाळावर हात मारून घेतला. दवाखान्याने हा यंत्रमानव घरी पाठवला तेव्हा त्याचं नाव चांगलं भारदस्त होतं. तिने चार दिवसांत त्याचा ठोंब्या केला. सारखा ताप मोजणार, मास्क लाव म्हणणार, पाणीपुरी दिसली की लाल दिवा लावणार! त्यात येणारा प्रत्येक पाहुणा ‘रक्त वाढतं’ म्हणून बीट घेऊन येणार. नुसता वैताग.

“आज मी गोळी घेणार नाही,” तिने मूठ आवळली. “आबा, तुम्हीच बघा!”

ठोंब्याने तिच्या रक्ताचा थेंब भिंतीवर मोठा करून दाखवला होता. तिला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला, तेव्हा याच भिंतीवर अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशींची झुंबड दिसायची. अस्थिमज्जेत (हाडांच्या आतला मऊ गर, जिथे रक्त तयार होतं) त्या बेसुमार वाढल्या होत्या. जंतूंशी लढणं त्यांना जमत नव्हतं आणि चांगल्या पेशींना त्या जागा देत नव्हत्या. आज तशी एकही पेशी नव्हती.

“दिसतेय का एक तरी? मग गोळ्या कशाला? मळमळून जीव नकोसा होतो माझा!”

“मला दिसत नाहीत,” ठोंब्या म्हणाला. “नाहीत, असं मी म्हणालो नाही.”

“बघा, कसा बोलतो!”

आबा भाताच्या बियाण्यांवर संशोधन करून निवृत्त झालेले. ते नातीला तांदळाच्या डब्यापाशी घेऊन गेले. गेल्या महिन्यात हा तांदूळ तिनेच चाळला होता. त्याला पुन्हा पुन्हा ऊन द्यायचं ठरलं होतं, पण पहिल्याच उन्हानंतर ‘एकही किडा नाही’ म्हणत तिने झाकण लावून टाकलं होतं. आबांनी डबा उघडला, तर आत सोंडकिडे ऐटीत फिरत होते.

“शी! मी तर सगळे काढले होते!”

“अंडी दाण्यांच्या आत होती. तुझ्या चाळणीला ती कशी दिसणार?”

शाल्मलीने एक दाणा उचलून निरखून पाहिला. “म्हणजे माझ्या हाडांतही...?”

“असतील, नसतीलही. पण एखादी लपून राहिली आणि आपण मध्येच थांबलो, तर आजार परत येऊ शकतो. मला त्याचीच भीती वाटते गं.”

“मग हे आधी नीट सांगायचं ना! सगळे नुसते ‘गोळी घे, गोळी घे’!” तिने तोंड वाकडं करून गोळी गिळली. “ठोंब्या, लपलेली शेवटची पेशीसुद्धा दिसेल असं भिंग तुला कधी मिळणार?”

“कोणीतरी बनवलं की.”

“मीच बनवते. तुझी कटकट तरी थांबेल.”

“चालेल,” ठोंब्या म्हणाला. “तोपर्यंत, उद्या सकाळी गोळी.”