भुतांच्या पंगतीतलं सुलट पान

मालविका दातार अर्ध्या शटरखालून वाकून दुकानात शिरली तेव्हा तिच्या दोन्ही गालांवर कोळ्याची जाळी होती आणि कपाळावर काजळाने काढलेला तिसरा डोळा.

दुकानात रोज गप्पांना येणाऱ्या बाजीरावांचा समोसा तोंडापाशीच थांबला. ही साधी गोष्ट नव्हती. मागे अल खोरच्या रस्त्यावर वाळूचं वादळ उठलं, त्यांची कंपनीची बस हवेत एक गिरकी घेऊन पुन्हा आपल्याच लेनमध्ये उतरली, तेव्हासुद्धा समोसा थांबला नव्हता. निदान बाजीराव तसं सांगत.

"कासमभाई," मालविका म्हणाली, "माझं घर चोरीला गेलं."

कासम मुकादमांनी किल्ल्या घासायच्या मशीनमागून डोकं वर काढलं. दोह्याच्या अल मन्सूरा भागातलं त्यांचं दुकान किल्ल्यांचं, पण लोक तिथे कुलपं कमी आणि कोडी जास्त आणत. वाळवंटात हरवलेला उंट त्यांनी नुसत्या खजुराच्या बियांवरून शोधला होता, आणि तो उंट दर ईदला त्यांना सलाम करायला येतो, असं गल्लीत कुणीही शपथेवर सांगेल.

"घर तर जागेवर आहे. आत्ताच बघून आलो," बाजीराव म्हणाले.

"घराचा करार गेला, भाऊ. म्हणजे घर गेलंच."

कासमभाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. नि घाई नको. सुरुवातीपासून सांगा."

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला तीन आठवडे उरले होते. दोह्यात खोली मिळाली तर पाहुणे तिला सोन्याने मढवतील अशी हवा होती, आणि मालविकाच्या बिल्डिंगच्या मालकाला ती हवा चांगलीच लागली होती. आठवड्यात घरं रिकामी करा, अशी नोटीस त्याने दारादारावर डकवली. खरं तर सगळ्यांचेच करार मार्चपर्यंतचे. पण करार दाखवायला एकही जण पुढे येईना.

"मी म्हटलं, मी दाखवते. एकीने दाखवला की बाकीचे उभे राहतील. आज साडेपाचला मालकाचा माणूस चाव्या घ्यायला येणार आहे. त्याला शिक्क्याचा मूळ कागदच हवाय. नाही दिसला तर आजच कुलूप बदलणार."

"दुसरी प्रत?"

"रविवारी सरकारी ऑफिस उघडल्यावर मिळेल. आज शुक्रवार, सुट्टी उद्याही. माझा नवरा कैवल्य समुद्रात, तेलाच्या रिगवर. तो यायला अजून दहा दिवस."

"आणि हे तोंड?" बाजीरावांनी तिसऱ्या डोळ्याकडे बोट दाखवलं.

"हॅलोवीनचं जेवण ठेवलंय! शेजाऱ्यांना बोलावलंय, मालकाच्या माणसालाही बसवणार होते. तो आम्हाला घाबरवतोय ना? म्हटलं, आधी माझी भुतं बघ, मग बोल."

कासमभाईंनी शटर खाली ओढलं. "यल्ला, चला बाजीराव. दोन तास आहेत."

*

टेबल बघून बाजीरावांना भीती वाटली ती एवढीच, की हे सगळं जेवायला आहे की नुसतं बघायला.

काळं कापड. मधोमध लाल भोपळा, दात विचकून हसणारा, पोटात टॉर्च. दिवाळीतल्या उरलेल्या चकल्यांची जाळी, त्यांवर मनुकांचे कोळी. करंज्यांना काजूचे सुळे. रसगुल्ल्यांत काळं द्राक्ष खोचून केलेले डोळे, बाजीराव जिकडे जातील तिकडे बघणारे. बाटलीत कोकमाचं सार, वर चिठ्ठी: 'रक्त. ताजं.' आणि खिडकीकडच्या टोकाला पुठ्ठ्याचं थडगं: 'इथे मालकाची नोटीस विसावली आहे.'

"करार या थडग्याखाली होता," मालविका म्हणाली. "कापडाच्या खाली, सपाट. सकाळी शेजाऱ्यांच्या ग्रुपवर मी लिहिलंसुद्धा, करार भुतांच्या राखणीत आहे, हिंमत असेल त्याने हात लावावा."

"लावला म्हणायचा," बाजीराव पुटपुटले.

"कापड उचलायचं तर थडगं आणि जवळची दोन ताटं बाजूला ठेवावी लागतात," कासमभाई टेबलाभोवती फिरत म्हणाले. "पण सगळं जागच्या जागी दिसतंय."

"ताटं मात्र मी मुद्दाम उलटी वाढलीयत हं. भुतांचे पाय उलटे, मग त्यांचं पान सुलट कसं? मीठ खाली, लिंबू-चटणी-कोशिंबीर उजवीकडे, भाजी डावीकडे. साही ताटं दोन वाजता माझ्या हातांनी मांडली. शुक्रवारी मेट्रो दोनलाच सुरू होते, तशी बर्फ आणि नकली दात आणायला गेले. तीनला परत आले तर थडग्याखाली नुसतं लाकूड."

"दार?"

"उघडंच ठेवलं होतं. शेजारी सामान आणून ठेवणार होते ना. रुकैया वरून कोळंबीचं कालवण घेऊन आली, ईश्वरीने वटवाघळं टांगली, समोरच्या श्यामरावांनी खुर्च्या आणल्या. तिघंही एकेकटी येऊन गेली. चौथं कुणी नाही, वॉचमन जिन्यातच बसला होता."

बाजीरावांना राहवेना. दारापासून सुरुवात करून ते प्रत्येक ताटातली चटणी बोटभर चाखत निघाले. उजवीकडून एक, उजवीकडून दुसरी, तिसरी, चौथी. खिडकीकडच्या दोन ताटांशी बोट डावीकडे न्यावं लागलं, पण लसणाच्या चटणीपुढे बाजीराव दिशा बघणाऱ्यांतले नव्हते.

"चाखा, चाखा," कासमभाई म्हणाले. "फक्त कुठून चाखलं ते विसरू नका."

मग त्यांनी मालविकाकडून एक रिकामं ताट, मिठाची वाटी आणि लिंबाच्या फोडी मागून घेतल्या. "मालकाच्या माणसाचं सातवं ताट राहिलंय ना? एकेकाला बोलवा. बोलता बोलता तेही मांडून होईल."

*

रुकैया पहिली आली. रत्नागिरीची, बोलायला तिखट. तिचा नवरा अब्बास मालकाच्याच ऑफिसात कारकून.

"माझ्यावरच संशय येणार, ठाऊक आहे मला," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "नवऱ्याची नोकरी त्याची, म्हणून मी बी त्याची होय?"

"तुमच्याकडे करार आहे?"

"हाय ना. कपाटात. अब्बास म्हणतात, बाहेर काढशील तर नोकरी खलास."

"बरं. जरा या ताटात मीठ-लिंबू ठेवता?"

रुकैयाने दाराजवळच्या ताटाकडे नजर टाकली, तसंच मीठ खाली आणि लिंबू उजवीकडे ठेवलं. "आमच्या घरी एकच मोठं थाळं, सगळे त्यात जेवतो. हे तुमचं कोपऱ्याकोपऱ्यात वाढणं मला नाय जमत. हिने केलंय तसं केलं."

ती गेल्यावर कासमभाईंनी ताट पुसून ठेवलं. "हीच," बाजीराव कुजबुजले. "नवऱ्याच्या नोकरीसाठी!"

"असेल," कासमभाई म्हणाले. त्यांचं 'असेल' म्हणजे 'नाही', हे बाजीरावांना अकरा वर्षांत कळलं नव्हतं.

ईश्वरी पहिल्या मजल्यावरची. जन्मली दोह्यात, शिकवते इंग्रजी शाळेत. "अंकल, ऑनेस्टली, मला तर वाटतं शिफ्ट व्हावं. तिकडे अल वक्राला नवीन टॉवर्स आहेत, जिम आहे. मालविकामावशी उगाच फाइट करतेय. पण मी कागद नाही घेतला."

"विश्वास आहे. ही लिंबाची फोड ठेव बघू ताटात."

"ओके," म्हणत तिने फोड उचलली आणि शेजारच्या पाण्याच्या ग्लासात टाकली.

बाजीरावांनी डोळे मिटले. असं लिंबू त्यांच्या आईने पाहिलं असतं तर साताऱ्याहून विमान पकडून आली असती.

श्याम आगटे शेवटी आले, आणि आल्या आल्या घर दणाणलं. "हलायचं नाही! मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. मालक असेल त्याच्या घरचा! कागद गेला तरी मालविकावहिनी, तुम्ही लढा!" मालविकाने पुढे केलेल्या खुर्चीच्या अगदी टोकावर ते ताठ बसले.

"वहिनी कुठे आहेत?" कासमभाईंनी विचारलं.

"पूर्णिमा? अल खोरला. मैत्रिणीच्या घरी पडद्यांची मापं घ्यायला गेलीय."

"घरातल्या सहाच्या सहा खुर्च्या तुम्ही इथे आणल्यात. तुमची पंचाईत झाली असेल."

"छे हो. परत द्यायची घाई नको. राहू द्या इथेच."

"मोठं मन तुमचं. हे मीठ-लिंबू तेवढं..."

"द्या की! मंडळाच्या गणपतीत पंधरा वर्षं पंगतीला मीठ-लिंबू माझ्याचकडे असतं. माणसं बघत राहतात." बोलता बोलता त्यांच्या बोटांनी ताटाकडे न बघताच वरच्या बाजूला चिमूटभर मीठ सोडलं, डावीकडे फोड टेकवली. "आणि मालकाला सांगतो मी, कायदा म्हणजे कायदा!"

*

पाच वाजता सगळे टेबलाभोवती बसले. बाहेर सूर्य मावळला, मगरीबची अजान झाली. कासमभाईंनी ती संपू दिली, मग उठले.

"चोराने टेबल फार नीट लावलं. वाईट लावलं असतं तर पकडला गेला नसता. बाजीराव, चटणी कुठून चाखलीत?"

"उजवीकडून," बाजीराव म्हणाले. मग त्यांचं बोट आपोआप हवेत फिरलं. "नाही. शेवटच्या दोन ताटांत डावीकडून."

"खिडकीकडच्या. थडग्यालगतच्या. वहिनींनी साही ताटं उलटी मांडली होती. आता उलटं ताट अर्धं फिरवलं तर काय होतं? मीठ वर जातं, लिंबू-चटणी डावीकडे. झालं सुलट पान! चोराने दोन ताटं उचलली, कागद काढला, ताटं परत ठेवली. लक्ष नव्हतं त्याचं, घाई होती. हाताने हाताचं काम केलं. एक ताट चुकून फिरलं असतं. दोन्ही तंतोतंत सुलट? तो हात लहानपणापासून पंगत वाढतोय."

"आमच्यात तर असं वाढतच नाहीत," रुकैया म्हणाली.

"आणि वाढायची वेळ आली तेव्हा तुम्ही बघून बघून उलटं वाढलंत. ईश्वरी बेटीला लिंबू ताटात असतं हेच ठाऊक नाही. आगटेसाहेबांनी मात्र आत्ता, समोर उलटी ताटं दिसत असताना, सुलट वाढलं."

श्यामराव हसले. "लिंबावरून चोर? अहो, मला कशाला हवाय तो कागद? मी तर लढा म्हणतोय!"

"लढा म्हणताय. लढू म्हणालात का एकदा तरी? सहा खुर्च्या देऊन टाकल्यात. ज्याला उद्या इथे जेवायचंय त्याला बसायला खुर्ची लागते. मैत्रिणीच्या पडद्यांसाठी कुणी दीड तास जाऊन मापं घेतं? स्वतःच्या घराची घेतात. मालकाची दुसरी बिल्डिंग अल खोरलाच आहे, तिथे खुर्च्या-टेबलासकट घर मिळतंय. बदल्यात हा एक कागद त्याच्या माणसाच्या हातात ठेवायचा. फाडला तर काम केल्याचा पुरावा काय? म्हणून तो अजून शाबूत आहे."

"कुठे आहे?" मालविकाचा आवाज फुटला.

"आल्यापासून साहेबांनी खुर्चीला पाठ टेकलेली नाही. एवढा गप्पिष्ट माणूस कधी टोकावर बसतो?"

मग श्यामरावांचा हात हळूच मागे गेला आणि शर्टाखालून चार घड्यांचा, घामाने ओला कागद टेबलावर आला.

"पूर्णिमा रोज रडायची, वहिनी," ते खाली बघत म्हणाले. "म्हणायची, रस्त्यावर येऊ. मी बाहेर ओरडायचो आणि घरात घाबरायचो."

बाजीरावांना वाटलं, आता मालविका भोपळा उचलून त्यांच्या डोक्यात घालणार. पण तिने कागदाच्या घड्या उलगडल्या, तळहाताने सरळ केल्या आणि पुन्हा त्यांच्यासमोरच ठेवल्या.

दारावर टकटक झाली. साडेपाच.

"तुम्हीच वाचायचा," ती म्हणाली. "त्याच्यासमोर. उभं राहून. बाहेर ओरडता ना, तेवढ्याच मोठ्याने."

मालकाचा माणूस चाव्यांसाठी हात पुढे करूनच आत आला. तिसरा डोळा, सुळ्यांच्या करंज्या, हसणारा भोपळा, सगळं बघून तो जरा मागे सरला. त्याने श्यामरावांकडे ओळखीच्या नजरेने पाहिलं. श्यामराव उठले. पहिलं वाक्य त्यांनी कागदालाच सांगितलं. दुसऱ्याला आवाज आला. मार्चच्या शेवटच्या तारखेशी पोचले तेव्हा तो जिन्यापर्यंत ऐकू जात होता.

"दाखवा इकडे," माणूस हिंदीत म्हणाला.

"डोळ्यांनी बघा. हातात मिळणार नाही," मालविका म्हणाली. "आणि कुलपाला हात लावलात तर रविवारी आपण दोघं सरकारी ऑफिसात भेटू."

त्याने शिक्का पाहिला. खूप वेळ पाहिला. "एकीचाच आहे," तो शेवटी म्हणाला. "बाकीची घरं आज रिकामी होणार."

रुकैया उठली. बाहेर गेली, जिना चढली. वरच्या मजल्यावर कपाटाचं दार वाजलं, मग तिचा आणि अब्बासचा आवाज एकमेकांत मिसळला.

ती खाली आली तेव्हा करार तिच्या छातीशी होता. तिच्यामागे दोन पायऱ्यांवर अब्बास, गळ्यात मालकाच्या ऑफिसचं ओळखपत्र. माणसाने त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या.

अब्बासने ओळखपत्र डोक्यावरून काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळून खिशात टाकली, आणि बायकोच्या हातातून करार घेतला.

"आमचा बी वाचतो," तो म्हणाला. "बसा."