नरडाण्याला गेलेले बारा फ्लास्क

"माझ्या जिवाणूनं औषध बनवायचं सोडून दिलंय," असं म्हणत बाई खुर्चीत बसल्या, आणि आपण चुकून एखाद्या दवाखान्यात तर येऊन बसलो नाही ना, असं लोटनला वाटलं.

पण बाहेरची पाटी 'शालिग्राम फिरके, खासगी तपास, जळगाव' अशीच होती. तीस वर्षं एसटी हाकून निवृत्त झालेला लोटन रोज तिथे पेपर वाचायला यायचा. गुन्हे शोधायचा शालिग्राम. लोटनचं काम म्हणजे मधेमधे नाक खुपसणं.

बाईंचं नाव प्रमिला नारखेडे. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे ऐंशी साली, त्यांनी धरणगावजवळच्या कपाशीच्या वावरातून चमचाभर काळी माती आणली होती. त्या मातीत एक जिवाणू सापडला. जखमेत पू करणारे जे जंतू दवाखान्यातल्या कुठल्याच इंजेक्शनला जुमानत नव्हते, ते या जिवाणूनं बनवलेल्या पदार्थापुढे टिकत नसत.

"चाळीस वेळा बनवलं, चाळीसही वेळा साधलं," बाई म्हणाल्या. "मग नरडाण्याचा एक कारखाना ते मोठ्या टाकीत बनवायला तयार झाला. गेल्या गुरुवारी तिथे पुण्याच्या तज्ज्ञांसमोर आमचे बारा फ्लास्क उघडले. शुक्रवारी सकाळी बघतो तर बाराही फुकट. औषधाचा थेंब नाही."

"जिवाणू मेला होता?" शालिग्रामनं विचारलं.

"छे! उलट चांगला फोफावला होता."

"म्हणजे कोणीतरी बदलला!" लोटननं प्रकरण मिटवून टाकलं.

"प्राचार्यांचं तेच म्हणणं आहे. माझा विद्यार्थी रुपचंद महाजन. त्याच्या खणात मुंबईच्या औषध कंपनीचं पत्र सापडलं. ते म्हणतात, यानं खरा जिवाणू विकला आणि आपल्या माथी तसाच दिसणारा दुसरा मारला. येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी बैठक आहे. तोवर काही निघालं नाही, तर पोलिसांत तक्रार. पोराची पीएच.डी. जाईल, तोंड दाखवायलाही जागा राहणार नाही."

"आणि तुमचं काय मत?"

बाईंनी मान खाली घातली. "तेच तर ठरत नाही माझं."

प्रयोगशाळेत गेल्यावर बाईंनी आधी एक जुनी काचेची डिश दाखवली. डिशभर पुवाच्या जंतूंचा पिवळट थर होता. मधोमध भोक पाडून त्यात जिवाणूचं पाणी ओतलं होतं, आणि भोकाभोवती रुपयाएवढं वर्तुळ लख्ख मोकळं होतं. तिथे एकही जंतू नव्हता.

"हे कोणी पुसलं?" लोटननं विचारलं.

"कोणी नाही. त्या चमचाभर मातीतल्या जिवानं."

लोटनच्या अंगावर सर्रकन काटा आला. जन्मभर ज्या मातीतून त्यानं गाडी हाकली, चाकाला लागली म्हणून जिला शिव्या दिल्या, तिच्यात असं काही राहत असेल हे त्याच्या गावीही नव्हतं.

"याला खायला काय घालता?" शालिग्रामनं विचारलं.

"सरकीच्या ढेपेचं पाणी आणि थोडं मीठ. म्हशीचा खुराक म्हणा ना! परदेशी खाद्य परवडत नव्हतं म्हणून सुरू केलं, तर हेच मानवलं. पहिले तीन दिवस नुसता वाढतो. खाणं संपत आलं की वाढ थांबते, आणि मग औषध उतरायला लागतं. सहाव्या दिवशी भरपूर."

शालिग्रामनं वहीत दोन ओळी लिहिल्या.

रुपचंद दाराशीच उभा होता. पोराचा चेहरा चार दिवस जेवला नसल्यासारखा.

"ते पत्र नोकरीचं होतं," तो म्हणाला. "मी नाही म्हणून कळवलंय. मॅडमना सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हा जायला निघालाय."

"नाही म्हटल्याचा पुरावा?"

"पोस्टकार्ड टाकलं. त्याची पावती कुठे मिळते?"

"जिवाणू ठेवता त्या कपाटाची किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे आणि मॅडमकडे. म्हणूनच तर माझं नाव आलं."

खोलीच्या कोपऱ्यात मोरी होती. तिथे पन्नाशीच्या मंजुळाबाई काचेची भांडी घासत होत्या. पंधरा वर्षं हेच काम. ढेपेचं पाणी गाळायचं, फ्लास्कात भरायचं, कापसाचे बोळे लावून मोठ्या प्रेशर कुकरात उकळायचं, हेही त्यांच्याकडे. त्यानंतर बाई किंवा रुपचंद त्यात जिवाणू सोडत.

"अक्का, या बारा फ्लास्कांच्या वेळी कृतीत काही बदल केला होता?" शालिग्रामनं विचारलं.

"नही भाऊ. बाईंनी सांगं तसंच करं. ढेप तीच, मीठ तेच. माले काय कळस त्यामा?"

लोटन कुकराशेजारच्या ओट्यावर टेकला आणि पुढच्याच क्षणी धोतर झटकत उठला. फरशीच्या फटीतून मुंग्यांची रांग चालली होती.

"मुंग्या कसाल्या व्हयन्यात वं अक्का?"

"उन्हाळामा येतसच त्या," म्हणत मंजुळाबाईंनी ओल्या फडक्यानं रांग पुसून टाकली.

"उद्या आम्ही नरडाण्याला जाऊन येतो," शालिग्राम बाईंना म्हणाला.

ते ऐकून मंजुळाबाईंनी हात पुसले, कोनाड्यातून डबी काढली आणि दोघांच्या तळहातावर गुळाचा एकेक खडा ठेवला. "चांगला कामले निंघनात. रिकामा तोंडे जाऊ नका."

लोटननं खडा तोंडात टाकला. शालिग्रामनं मात्र आपला रुमालात बांधून खिशात ठेवला. माणूस गोड खात नसावा, असं लोटनला वाटलं.

नरडाण्याच्या कारखान्यातले केमिस्ट पितांबर बोरसे तावातावानं बोलले. जिवाणूची एक नळी कारखान्याच्या ताब्यात द्या, असा त्यांनी बाईंकडे हट्ट धरला होता आणि बाईंनी साफ नकार दिला होता. हे त्यांनी लपवलं नाही.

"मग राग आला असेल?"

"आलाच होता! पण फ्लास्क सगळ्यांसमोर उघडले, साहेब. बोळ्यांवरचं बाईंच्या सहीचं सील मी सगळ्यांदेखत तोडलं. मी काय जादू करणार?"

"जिवाणू कसा दिसला?"

"तोच वाटला. तोच राखाडी रंग, नांगरलेल्या वावराचा तोच वास. एक मात्र खरं, इतकी दाट वाढ मी आधी बघितली नव्हती. सहावा दिवस, तरी थांबायचं नाव नाही."

फुकट गेलेले फ्लास्क त्यांनी फ्रिजमध्ये ठेवले होते. शालिग्रामनं त्यातला एक मागून घेतला आणि परतीच्या गाडीत लेकरासारखा मांडीवर धरून बसला.

बुधवारी त्यानं प्रमिलाबाईंना गाठलं. "दोन नवे फ्लास्क भरा. स्वतःच्या हातानं. दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नका."

बाईंनी ढेपेचं पाणी भरलं. त्यातल्या एकात शालिग्रामनं मुठीतून काहीतरी टाकलं. लोटननं मान लांब केली, पण मूठ रिकामी झाली होती. उकळून, गार करून झाल्यावर दोन्ही फ्लास्कांत नरडाण्याहून आणलेला तोच फुकट गेलेला जिवाणू सोडला. फ्लास्क कपाटातल्या, ते सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर चढले आणि कपाटाला शालिग्रामनं आपलं कुलूप लावलं.

सहा दिवस लोटन रोज जाऊन त्या कुलपाकडे बघून येत होता. रुपचंद बाहेर बाकावर बसलेला असायचा. दोघं चहा प्यायचे. मंगळवारी दोन्ही फ्लास्क उघडले. बुधवारी एकाच डिशमध्ये दोन भोकं पाडून दोन्हींचं पाणी ओतलं.

गुरुवारी सकाळी प्राचार्य, बाई, रुपचंद, मंजुळाबाई आणि नरडाण्याहून आलेले पितांबर असे सगळे प्रयोगशाळेत जमले. टेबलावर कागदाखाली डिश झाकलेली होती. रुपचंदच्या पाचावर धारण बसली होती.

"आधी सांगतो, मग दाखवतो," शालिग्राम म्हणाला. "जिवाणू बदलला असं सगळे म्हणतात. पण रंग तोच, वास तोच. चोराला असा हुबेहूब जुळा कुठून मिळणार? म्हणून मी उलटा विचार केला. जिवाणू तोच आहे. मग बदललं काय?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "ढेप तीच, मीठ तेच."

"तुम्हीच मला सांगितलंत, खाणं संपत आलं की हा औषध बनवतो. आणि पितांबररावांनी सांगितलं, सहाव्या दिवशीही हा वाढतच होता. म्हणजे त्याचं खाणं संपलंच नव्हतं. त्याला कोणीतरी जास्त खाऊ घातलं होतं."

प्रमिलाबाई ताडकन उठल्या. "साखर! पोट भरलेलं असेल तर तो औषधाच्या वाटेला जातच नाही. मला हे सुचायला हवं होतं!"

"मुंबईच्या पत्रानं तुमचं लक्ष चोरीकडेच ओढलं. चाळीस वेळा हे फ्लास्क या खोलीत राहिले. हे बारा मात्र परगावी निघाले होते. कुकराशेजारी मुंग्या होत्या. आणि आम्ही त्याच गावाला निघालो, तेव्हा आमच्याही हातावर तेच पडलं." त्यानं मंजुळाबाईंकडे वळून अगदी हळू विचारलं, "अक्का, नरडाण्याला निघालेल्या पोरांना तुम्ही गूळ दिला होता ना?"

मंजुळाबाईंचा हात तोंडाकडे गेला. "दिधा. बाराही फ्लास्कमा एकेक खडा. उकळाना आधी. इतलं मोठं काम, पयलींदाव घर सोडी राह्यनात..." त्यांचे डोळे भरले. "पण तुम्ही ते इचारंच नही, भाऊ. कृतीमा बदल करा का, असं इचारं. गूळ काय कृती शे? तो ते आशीरवाद."

"खरं बोललात तुम्ही," शालिग्राम म्हणाला. "चूक माझ्या प्रश्नात होती."

प्राचार्य खाकरले. "तर्क छान आहे. पण जिवाणू तोच, याला पुरावा?"

"नरडाण्याचा फुकट गेलेला जिवाणू दोन फ्लास्कांत सोडला. डावीकडे नुसती ढेप. उजवीकडे ढेप आणि मला मिळालेला गुळाचा खडा. जिवाणू नकली असेल, तर डावीकडेही काही होणार नाही. मॅडम, तुम्हीच उघडा."

बाईंनी कागद उचलला. उजव्या भोकाला जंतूंचा पिवळा थर अगदी काठापर्यंत भिडला होता. डाव्या भोकाभोवती गोल, स्वच्छ, काचेपर्यंत नितळ वर्तुळ उमटलं होतं.

लोटन डिशवर वाकला. डोळ्यांना न दिसणारा एक जीव, भूक लागली की माणसाला वाचवणारं औषध तयार करतो. त्याला एकदम देवळात उभं असल्यासारखं वाटलं.

प्राचार्यांनी तक्रारीचा मसुदा फाडला. प्रमिलाबाई रुपचंदसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "चुकले मी. तू चोर नाहीस हे मला ठामपणे म्हणता आलं नाही." पोरानं मान हलवली आणि चष्मा पुसायला खिडकीकडे वळला.

मंजुळाबाई भिंतीला टेकून रडत होत्या. "मना हातवरी पोरगं बुडी जातं ना!"

बाईंनी त्यांना हाताला धरून टेबलाशी आणलं, काचेवर एक थेंब ठेवला आणि सूक्ष्मदर्शक जुळवला. "बघा. ज्याला तुम्ही गूळ दिलात, तो हा."

मंजुळाबाई वाकल्या. नळीत डोळा घालून बराच वेळ बघत राहिल्या. काचेखाली कोवळ्या मुळांसारखे धागे पसरले होते आणि त्यांच्या टोकांना बारीक मण्यांच्या वळलेल्या माळा होत्या. त्यांनी मान वर केली, डोक्यावर पदर घेतला आणि पुन्हा वाकल्या.

"पंधरा वरीस मी यास्ना भांडा घसात," अखेर त्या म्हणाल्या. "आजलोंग कोणी माले दखाडं कसं नही, बाई?"

प्रमिलाबाईंनी स्टूल ओढून त्यांना त्यावर बसवलं आणि काचेवर दुसरा थेंब ठेवला.