कासारपूर ते वाघनेर, अकरा मिनिटं

कासारपूरचा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक चहाची टपरी आणि कुंपणाशी चरणाऱ्या दोन म्हशी. पण गेला आठवडाभर सगळ्या देशाचे डोळे तिथे लागले होते. इथून वाघनेर तीनशे दहा किलोमीटर. छोट्या विमानाला पंचावन्न मिनिटं लागत. डॉ. नलिनी खेरडकरांच्या अवकाशघडी यंत्राने ती अकरावर आणली होती. लुगड्याची घडी घालावी तसं हे यंत्र दोन विमानतळांमधलं अवकाश उड्डाणापुरतं दुमडत असे. सत्कारांना नुसता ऊत आला होता.

त्या सकाळी कॅप्टन यूसुफ मुलाणी यंत्रकक्षात आले ते टोपी हातात घेऊन.

"मॅडम, तुमचे अप्पा दिसत नाहीत."

मार्गाच्या कडेला, बासष्ट किलोमीटरवर हिवरखेडं होतं. नलिनीचे वडील तिथे गच्चीवरून लाल पंचा हलवायचे आणि कॅप्टन विमानाचा पंख कलता करून उत्तर द्यायचे.

"आधी गाव लहान दिसायला लागलं. चार दिवस झाले, गावच नाही."

"मग आजवर गप्प का बसलात?"

"डोळे गेले म्हणून विमान काढून घेतलं असतं, मॅडम. हात चालतोय तोवर कोणता वैमानिक बोलेल?"

अप्पांची छाती दुखते म्हणून नलिनीने काल हिवरखेड्याला जीप पाठवली होती. बाराशे किलोमीटर झाले तरी रस्ता संपत नाही, असा ड्रायव्हरचा मघाशीच फोन आला होता. त्याने घेतली असेल, असं तिला वाटलं होतं. आता तिने आकडे मांडले.

"अंतर नाहीसं होत नाही, कॅप्टन. आपण ते मार्गावरून बाजूला, हिवरखेड्यावर ढकललं. उड्डाण झालं की घडी उलगडते, पण ढकललेलं अंतर परत येत नाही. दर उड्डाणाला हिवरखेडं दुप्पट लांब जातं."

"तेरा उड्डाणं झाली."

"म्हणजे बासष्टचे पाच लाख किलोमीटर. चंद्राच्याही पलीकडे."

तिने अप्पांना फोन लावला. "अप्पा, छाती कशी आहे?"

साडेतीन सेकंद काहीच नाही. तेवढं अंतर जाऊन यायला फोनच्या लहरींनाही वेळ लागत होता.

"लई दुखतंय गं. गाडी कुठवर आली?"

नलिनीने यंत्राचं तोंड हिवरखेड्याकडे फिरवलं. हे सगळं अंतर एका घडीत दुमडता येणार होतं.

"मधे कोणती गावं येतात?" कॅप्टननी विचारलं.

उद्घाटनाच्या दिवशी हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता, तिलाही नाही.

"एकच. चिंचोशी."

कॅप्टन दाराकडे वळले. "माझी अम्मी आहे तिथे. अर्धा तास द्या. तिला बाहेर काढतो."

"अप्पांकडे अर्धा तास नाही."

तिला स्वतःची लाज वाटली, फार लाज वाटली. तरी तिने बटण दाबलं.

"अगं, गाडी दारात आली की!" अप्पांचा आवाज लगेच आला. नलिनीला रडू फुटलं.

कॅप्टननी घरी फोन लावला.

"अम्मी, ऐकू येतंय?"

पलीकडे शांतता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. एक सेकंद. दोन. तीन.

"येतंय की. बोल ना बेटा," अम्मी हसून म्हणाली, "गप्प का झालास?"