निरोप दिल्यावर

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या वर्षीचा उन्हाळा. परभणीतल्या एका सरकारी कचेरीत, गार खोलीत, दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी बसवलेले. चपला दाराबाहेर काढून आत यायचं. जुना युनिक्सचा, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, एकेक हुकूम तोंडपाठ पाहिजे. नवा विंडोजचा, चित्रावर माउस नेला, बटण दाबलं, झालं काम.

"हा तर माझी सासू बी चालवील," तिथं कामाला असलेली कमल हसायची.

जुन्यावर वर्षं घातलेले नागनाथराव गाल फुगवायचे. "चालवू द्या. पण माझ्या ह्या म्हाताऱ्याला निरोपाचा हुकूम दिल्याबिगर उठू नका, बाई. अन् निरोप दिला की बसू नका. पाव्हण्यानं येतो म्हणून पुन्हा बूड टेकावं, तसं हाय ते."

त्या दिवशी नागनाथराव रजेवर होते. कमलनं जुन्यावरून गावांची यादी काढली, चार वाजून दहा मिनिटांनी लॉगआउटचा हुकूम टाइप करून निरोप दिला. घरी चुडाव्याला जायच्या गाडीला वेळ होता. पाच महिन्यांची लेक सासूपाशी. दूध दाटून छाती ठणकत होती. तरी ती नव्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा एक डाव मांडून बसली.

डाव सुटला. ती उठली. दार ओढलं. हललं नाही.

काचेतून पाहिलं, तर बाहेर तिच्या चपला नव्हत्या. शिपाई सटवाजी झाडत होता. तिनं काच बडवली. त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

"कमलबाई हायत का?" कुणीतरी त्याला विचारलं.

"कवाच गेल्या की! येते मामा म्हणल्या अन् गेल्या."

"मामा, मी हितं हाय!"

सटवाजीनं सरळ तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि काचेत बघून टोपी नीट केली.

ती जुन्या कॉम्प्युटरकडं धावली. नाव टाइप केलं. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, या नावाचं कुणी आत नाही.

बाहेर कुलूप लागलं.

टेबलावर फोन होता. चुडाव्यात घराला लागूनच बन्सीधरचं किराणा दुकान. त्याचा नंबर तिला पाठ होता. लागता लागता सहा वाजले.

"हॅलो? कोण बोलायलंय? आवाजच येईना."

"भाऊ, मी कमल! आईंना बोलवा!"

"कोण हाय रं, बन्सी?" मागून सासूबाईंचा आवाज. लेक टाहो फोडत होती. "राहू दे तो फोन. ही बघ, आली आमची सूनबाई. घे गं पोरीला, लय भुकेजली."

कमलचा पदर दुधानं भिजला.

तिकडं आईचा वास ओळखून लेक गप्प झाली.